कोपऱ्यात बसवलं

मला रांगांचा राग आहे. तो काही कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेला नाही. प्रशिक्षणं पुष्कळ झाली, नगरला जाऊन, चहा-बिस्किटं खाऊन, सही ठोकून परत. त्यातलं निम्मं तिथल्या खुर्चीवरच राहिलं. रांगांचा राग मला शिकवता शिकवता आला. पहिल्या रांगेतलं पोर फळा बघतं आणि शेवटच्या रांगेतलं पोर पुढच्याची मान बघतं, वर्षभर. आणि वर्षाच्या शेवटी आपण प्रगतिपुस्तकावर लिहितो, समाधानकारक. कोणाचं समाधान झालं ते काही लिहीत नाही.

आमची शाळा पारनेर तालुक्यात, सुप्यापासून आत. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. तिसरी-चौथी हेडसरांकडे, नव्या खोलीत. पहिली-दुसरी माझ्याकडे, जुन्या दगडी खोलीत. मी नगरहून स्कूटीवर अप-डाऊन करते. हेडसर भला माणूस, पण भित्रा. वरून फोन आला की खुर्चीतून उठून उभं राहून बोलतात. त्यांची निवृत्ती जवळ आलेली, तोवर कुठं खुट्ट होऊ नये एवढीच त्यांची इच्छा. आणि नशिबाला आले मी.

त्या जूनमध्ये मी ठरवलं, यंदा वर्ग उलटापालटा करायचा. फळ्यासमोरच्या बसायच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि खोलीत चार कोपरे करायचे. एकात पुस्तकं, एकात गणित, एकात दुकान, एकात माती नि रंग. पोरांनी गटागटाने आपापल्या कोपऱ्यात काम करायचं आणि मी फिरत राहायचं. यात नवं काही नाही. कागदावर हे सगळ्या शाळांत केव्हाच झालेलं आहे. कागदावर तर आपण चंद्रावर पण शाळा काढू.

सामान मागितलं असतं तर मिळालं नसतं, म्हणून मागितलंच नाही. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आयांना म्हटलं, टाकाऊ खोकी, पुठ्ठे, काय मिळेल ते विचारून आणा. एका पोराच्या बापाने टेम्पोतून कंपनीत माल रचायची दोन लाकडी पॅलेट आणून व्हरांड्यात टाकली. ती उभी केली की झाली पुस्तकांची मांडणी. चिंचोके आणले, बाटल्यांची झाकणं जमवली, माझ्या दोन जुन्या साड्या आडोशाला लावल्या. दुकानासाठी साबणाच्या वड्यांची, चहापत्तीची, बिस्किटांची रिकामी वेष्टनं पोरांनीच आणली. पुस्तकं मात्र शाळेतच होती, कपाटात, कुलपात. पोरांनी फाडू नयेत म्हणून. मी हेडसरांकडून किल्ली घेतली ती परत दिलीच नाही.

"मॅडम, पुस्तकं फाटली तर?" हेडसर म्हणाले.

"फाटू देत. वाचून फाटलेलं एक पुस्तक दाखवा मला या शाळेत. इथं वाळवीनेच काय ते वाचन केलंय."

पहिला आठवडा नुसता शिमगा. झाकणं नाकात घालून झाली, माती भिंतीला लावून झाली, दुकानात मारामारी होऊन दुकान दोनदा बुडालं. संध्याकाळी घरी जाताना हेल्मेटच्या आत माझं डोकं ठणकत असायचं. पण दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा आला की मी फळ्याजवळ उभी आहे आणि कोणीच माझ्याकडे बघत नाहीये. सगळी पोरं कामात. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

कोण कुठं बसणार हे मी ठरवायची. हजेरी झाली की बोट दाखवायची, तू गणित, तू दुकान, तू पुस्तकं. ज्याला जे येत नाही त्याने त्या कोपऱ्यात बसायचं, असा माझा सरळ विचार. दाराजवळच्या कोपऱ्यात उजेड चांगला येतो, म्हणून पुस्तकं तिथं ठेवली होती. त्या बाजूला चपलाही असायच्या, पण उजेड महत्त्वाचा. मला वाटलं होतं, मी सगळा विचार केलाय. मला असं वाटतं तेव्हा माझं हमखास काहीतरी चुकलेलं असतं, पण ते मला कळायला कोणीतरी दारात यावं लागतं.

आधी आले ते केंद्रप्रमुख. आमच्यासारख्या आसपासच्या शाळा तपासत हिंडणं हे त्यांचं काम. गाडीवरून उतरले, दारात थांबले आणि म्हणाले, "हा वर्ग आहे का बाजार?"

"बाजारच आहे साहेब. या ना, काय देऊ?" दुकानावरची पहिलीतली पोर माझ्याआधीच म्हणाली. तिला वाटलं, गिऱ्हाईक आलं.

मला हसू आवरेना. साहेबांना आवरण्याजोगं काही नव्हतं. त्यांनी हेडसरांना बाजूला घेतलं, मग दोघं मिळून माझ्याकडे आले. साहेबांचं म्हणणं असं की तपासणीला वरचे लोक आले तर मुलं मोजता आली पाहिजेत, आणि ती मोजता येतात रांगेत. पुढच्या भेटीत रांगा दिसल्या पाहिजेत.

"मोजायला हजेरीपट आहे की," मी म्हटलं.

"मॅडम, शिस्त नावाची चीज असते."

"असते ना. ही काय, सगळी कामं करतायत. तुम्ही आल्यापासून ही दुकानदारीण सोडली तर एकाने तरी मान वर केली का?"

साहेब गाडीला किक मारून गेले. हेडसरांनी दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मी मात्र अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी घरी गेले. वाटलं, येऊ देत परत, बघून घेईन. मला वाटत होतं की लढाई त्यांच्याशी आहे.

मग पुढच्या सोमवारी दुपारी, पोरं खिचडी खात होती तेव्हा, एक म्हातारे गृहस्थ व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले. दुसरीतल्या एका मुलीचे आजोबा. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचे. जन्मभर गवंडीकाम केलेले, हातांची बोटं चुन्या-सिमेंटने खाऊन जाडजूड झालेली. नातीला रोज तेच सोडायला यायचे, पण फाटकापर्यंतच. तिची आई कंपनीत पॅकिंगला, बाप टेम्पोवर, म्हणून पोर आजोबांपाशीच वाढलेली. सात वर्षांची, हिशेबाला तल्लख, पण पुस्तक पुढ्यात आलं की मुकी. अक्षरं ओळखायची, जोडायची नाही.

"बाई, दाखला पायजे," आजोबा म्हणाले.

"कसला दाखला, आजोबा?"

"शाळंचा. हिला काढून न्यायची हाय. नेवाशाला मामाकडं धाडतो. तितं शिकंल."

मला काही कळेना. सात वर्षांची पोर, आईबापाला सोडून, नेवाशाला? मी विचारलं, असं झालं तरी काय.

"पोर म्हनती, बाईंनी मला कोपऱ्यात बसवलं. आठ दिस झालं, रोज म्हनती. आमी पोर कोपऱ्यात बसाया न्हाई पाठवली."

आणि मी हसले. खरं ते सांगते, मोठ्याने हसले. मला वाटलं, एवढंच ना. घोळ शब्दाचा झालाय, आत्ता उलगडते. म्हटलं, "अहो आजोबा, ती शिक्षा नाही. आमच्या वर्गात चार कोपरे केलेत, त्यातला हा वाचन कोपरा. उलट चांगलं आहे ते. या, दाखवते."

"हसू नका बाई," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "मला नका दाखवू. मला ठावं हाय त्यो कोपरा. ह्योच. दाराजवळचा, चपलांपाशी. म्या चौथीपातूर तितंच बसलोय."

माझ्या हातात खिचडी चाखून बघायची वाटी होती. ती ठेवायचंही मला सुचलं नाही.

ते उभ्या उभ्याच बोलत होते. त्यांच्या वेळी ही एकच खोली होती. वस्तीवरची चार पोरं दाराजवळ वेगळी बसायची. कायद्याने तसं करणं बंद झालं होतं, पण कायदा नगरला, आणि खोली इथं. पाणी मागायचं तर दुसऱ्या पोराने वरून ओतायचं. पाटी तपासायची तर जमिनीवर ठेवून लांब सरकायचं. "गुरुजी मारायचं बी लांबून," ते म्हणाले. "छडी फेकून. हात लागू ने म्हनून. वाईट माणूस न्हवतं तसं. अक्षर त्यांनीच शिकिवलं मला. पर कोपऱ्यात बसवून."

आता मला जे सांगायचं आहे ते मी माहेरच्या कोणालाही अजून सांगितलेलं नाही. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी. माझे आजोबाही गुरुजी होते, या गावात नाही, याच जिल्ह्यात दुसरीकडे. त्यांची एक गोष्ट आमच्याकडे लग्नाकार्यात हमखास निघते. आजोबांचा नेम असा, की खुर्चीतून न उठता शेवटच्या पोराला छडी फेकून मारायचे, आणि कधी चुकायची नाही. सगळे हसतात. मी हसत आले. मीच कितीदा सांगितलीय ती गोष्ट, हातवारे करून. त्या पायरीशी उभं राहून मला पहिल्यांदा कळलं, की तो नेम नव्हता.

मला राग आला. कोणाचा, ते लगेच ठरेना. आधी आला आजोबांचा, म्हणजे माझ्या. मग इतकी वर्षं हसणाऱ्या सगळ्यांचा. आणि मग मी आत येऊन हजेरी उघडली आणि आठवून बघितलं, पुस्तकांच्या कोपऱ्यात मी रोज कोणाला बसवत होते. चार पोरं. रोज तीच. कारण वाचता त्यांना येत नव्हतं. त्यातली तीन ओढ्यापलीकडची. देवाशपथ सांगते, मी जात बघून बोट दाखवलं नव्हतं. वाचता येत नाही एवढंच बघितलं होतं. पण बसली होती तीच पोरं, त्याच जागी, आणि दुकानात मजा करत होती ती गावातली. मी साड्या लावल्या, पॅलेट उभी केली, कुलूप उघडलं, सगळं नवं केलं, आणि बोट मात्र जुनंच दाखवलं.

बाहेर आले. आजोबा तिथंच उभे होते. म्हटलं, "दाखला तुमचा हक्क आहे. मी अडवणार नाही. पण शनिवारपर्यंत थांबा. शनिवारी सकाळची शाळा असते. या, वर्गात बसा, डोळ्यांनी बघा. मग मागितलात तर माझ्या हाताने लिहून देईन."

"म्या? आत?"

"हो, आत."

त्यांनी पायरीवरून दाराकडे बघितलं. मग "बगू" म्हणाले आणि गेले. नात खिचडीचं ताट हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. तिला पाठीमागे जावं का थांबावं ते कळत नव्हतं. मी तिला काही सांगू शकले नाही, कारण मलाही कळत नव्हतं.

हेडसरांना सांगितलं तेव्हा ते बिचारे हादरले. "बाप रे. तक्रार जाईल हो वर. असं करू, शब्दच काढून टाकू. कोपरा नको. अध्ययन केंद्र म्हणा. अहवालातही बरं दिसतं."

"मग पोर घरी सांगेल, बाईंनी मला केंद्रात बसवलं."

"चालेल की."

"सर, तुम्हाला अजून कळलं नाही," मी म्हटलं. मलाही बोलता बोलताच कळत होतं. "ती कोपरा म्हणाली म्हणून आजोबा आले नाहीत. ती बसवलं म्हणाली म्हणून आले. 'बसली' आणि 'बसवली' यात एक व जास्तीचा आहे. तो व माझा आहे."

हेडसर म्हणाले, "व्याकरण चांगलं आहे तुमचं." आणि चष्मा पुसायला लागले. भित्र्या माणसावर फार वेळ रागावताही येत नाही.

मंगळवारी हजेरी झाली आणि मी हात मागे बांधले. म्हटलं, आज मी कोणाला काही सांगणार नाही. ज्याला जिथं जायचंय तिथं जा. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाटलं असेल, बाई आजारी आहेत. मग एकाने धीर केला, आणि दुसऱ्या क्षणाला सगळा वर्ग दुकानात. दुकान तिसऱ्यांदा बुडालं. गणित ओसाड, माती ओसाड, आणि दाराजवळ पुस्तकांपाशी काळं कुत्रं नाही. मी माझं टेबल उचलून व्हरांड्यात टाकलं आणि तिथं जाऊन स्वतः बसले, जमिनीवर, चपलांशेजारी. गोष्टीचं पुस्तक काढून वाचत बसले. चपलांचा वास येतो तिथं. आणि पावसाळ्यात दारातून ओल येते. आठ दिवस मी पोरांना तिथं बसवलं होतं आणि मला हे माहीत नव्हतं.

बुधवारीही तेच. माझी आतून नुसती तगमग. अभ्यासक्रम डोक्यावर, आणि मी जमिनीवर. आपल्या सवयी सुटायला किती जड असतात ते पोरांना सुधारताना कळत नाही. दहादा बोट वर आलं, दहादा मी ते मुठीत दाबलं.

गुरुवारी गर्दी आपोआप पांगली. दुकानाला कंटाळलेली काही पोरं मातीकडे गेली, दोघं गणिताकडे. दुसरीतली ती मुलगी मात्र दुकान सोडेना. तिने दुकान ताब्यातच घेतलं होतं. गिऱ्हाईक फार ओरडायला लागलं म्हणून तिला पाट्या लावायच्या होत्या, कुठं काय ठेवलंय त्याच्या. पुठ्ठा आणि खडू घेऊन ती माझ्यापाशी आली, दाराच्या कोपऱ्यात, स्वतःच्या पायांनी.

"म्याडम, साबन कसं लिवायचं?"

"कसं ऐकू येतं तुला? म्हण बरं."

"सा. ब. न."

"मग लिही तसं."

तिने लिहिलं, साबन. जोडून, एका दमात. मग काडीपेटी, मग मीट. मी ण सांगितला नाही. एरवी दोनदा सांगितला असता, खाडाखोड करून. ण पुढच्या वर्षीही शिकता येईल. ती पुढच्या वर्षी इथं असली पाहिजे, मला तेवढंच पाहिजे होतं. आणि ते माझ्या हातात राहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आजोबा आले. धुतलेला सदरा, टोपी. चपला त्यांनी बाहेर पायरीखाली काढल्या, दारात उभे राहिले आणि त्या कोपऱ्याकडे बघितलं. मी तिथंच बसले होते. "या," म्हटलं. खुर्ची पुढे करायचं मनात आलं होतं, पण केली नाही. कुठं बसायचं ते त्यांनी ठरवायचं होतं. ते आत आले, चालत गेले आणि बरोब्बर खोलीच्या मध्यावर मांडी घालून बसले. पोरं त्यांना वळसा घालून इकडून तिकडे जायला लागली. अर्धा तास ते नुसते बघत होते. नातीने त्यांना एक साबण विकला, काडीपेटी बळंच गळ्यात मारली. मग ते उठले आणि पॅलेटच्या मांडणीला हात लावून बघितला.

"हे कुनी उभं केलं?"

"मी."

"व्हय, दिसतंय. वळंब्यात न्हाई, कललंय. पडंल पोरांवर." आणि खाली पुठ्ठ्याची घडी सारून त्यांनी ती सरळ केली. मला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

साहेब दारात आले, मागे हेडसर. साहेबांनी आधी व्हरांड्यातलं टेबल बघितलं, मग जमिनीवरची मी, मग आजोबा.

"हे कोण?"

"पालक."

"वर्ग चालू असताना?"

"पालकांचा सहभाग वाढवा, असं पत्र तुमच्याच कार्यालयाकडून आलंय साहेब. वाढवलाय."

त्यांनी दुकानावरची पाटी उचलली. "साबन? हे शुद्धलेखन?"

"तिने पहिल्यांदा स्वतःहून लिहिलेला शब्द आहे तो. जागेवर ठेवा."

हेडसरांनी डोळे मिटले. साहेबांनी पाटी ठेवली, पण चेहरा तापला होता. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही असं ठरवून ते पोरांकडे वळले आणि टाळी वाजवून म्हणाले, "चला, सगळे फळ्यासमोर. रांगेत. आपापल्या जागी बसा."

मी तोंड उघडलं होतं. पण पोरं माझ्यापेक्षा आज्ञाधारक. मोठ्या माणसाने टाळी वाजवली की ती उठतातच. झटक्यात पट्ट्या उलगडल्या गेल्या, ढकलाढकली झाली आणि रांगा लागल्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. सरपंचाच्या भावकीतली पोरं फळ्याच्या पुढ्यात. त्यांच्यामागे मळ्यातली. आणि सगळ्यात शेवटी, दाराजवळ, चपलांपाशी, ती मुलगी. तिच्या शेजारी वस्तीवरची दोघं. आठवडाभर दुकान चालवणारी पोर, गिऱ्हाइकाला दटावणारी, ती आपली आपण उठून तिथं जाऊन बसली होती, हात मांडीवर घेऊन.

मी पुढे झाले. पण बोलले ते आजोबा. खोलीच्या मध्ये उभे होते ते, रांगा त्यांच्या भोवतीनं लागल्या होत्या.

"सायेब," ते म्हणाले, "तुमी तर कुनाला कोपऱ्यात बसवलं न्हाई. खरं का न्हाई?"

"अर्थात नाही. मी रांगेत बसा म्हणालो."

"मंग माझी पोर बगा कुटं जाऊन बसली. रांगंला शेवट असतुया सायेब. त्यो शेवट आमच्यासाठीच असतुया. म्या बसलोय तितं, म्हनून सांगतो."

साहेबांनी शेवटच्या रांगेकडे बघितलं. बघितलं, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर त्यांनी ते कुठंही लिहिलं नाही. आजोबा नातीपाशी गेले आणि म्हणाले, "ऊठ. तुला कुटं बसायचं? तितं जा." ती उठली आणि सरळ दुकानात गेली. तिच्यामागे शेवटच्या रांगेतली दोघं, मग मधली, मग पुढची. साहेब परत टाळी वाजवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वाजवली नाही. हेडसरांच्या खोलीत जाऊन शेरेबुकात लिहिलं, बैठक व्यवस्था अयोग्य, शिक्षिकेची भाषा उद्धट, आणि गेले. भाषेचं खरं होतं.

शाळा सुटल्यावर मी दाखल्याचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. शब्द दिला होता. आजोबांना म्हटलं, "लिहू?"

त्यांनी पुस्तकाकडे बघितलं, मग दुकान आवरणाऱ्या नातीकडे. "आता न्हाई," ते म्हणाले. "आता नेली तर म्हनतील, सायबाला भिऊन पळाली. ऱ्हाऊ द्या. पर बाई, तिला बसवायचं न्हाई. बसली तर बसू द्या."

"नाही बसवणार," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पत्र आलंच. सूचना देऊनही वर्गात रांगेत बैठक व्यवस्था का नाही, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. हेडसरांनी माझ्यासाठी कच्चा मसुदा लिहून ठेवला होता, यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल, वगैरे. अक्षर छान होतं. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि माझा खुलासा लिहिला. तो हेडसरांच्या सहीनेच वर जायचा होता. त्यांनी दोनदा वाचला. "असाच पाठवायचा?" म्हणाले. मी म्हटलं, असाच. त्यांनी पेनचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं. म्हणाले, "त्या दिवशी मीही बघितलंय, मॅडम." आणि सही केली. खुलासा चार ओळींचा होता.

"आपल्या सूचनेप्रमाणे वर्गात रांग लावून पाहिली. ती आपल्या समक्षच लागली. शेवटी कोण जाऊन बसलं ते आपण पाहिलं आहे. मी पुन्हा लावणार नाही."